मद्राससह की मद्रासशिवाय : ५८ दिवसांच्या एका उपोषणाचं प्रकरण

तहसील कचेरीसमोरचा मांडव आपल्याला नवा नाही. मागे बॅनर, त्यावर लाल अक्षरांत 'आमरण उपोषण', गादीवर आडवे झालेले दोघं-तिघं, उशाशी पाण्याच्या बाटल्या, बीपी बघायला आलेली आरोग्य केंद्रातली सिस्टर. चौथ्या-पाचव्या दिवशी नायब तहसीलदार लेखी आश्वासन घेऊन येतात, मोसंबीचा रस पाजला जातो, फोटो निघतो. बॅनरवरच्या 'आमरण'चा अर्थ 'बेमुदत' एवढाच असतो, हे मांडवातल्यांनाही ठाऊक असतं आणि कचेरीतल्यांनाही. तेच बरं आहे.

खाली मांडलेल्या प्रकरणात एका बाजूनं तो शब्द जसाच्या तसा घेतला होता. दुसऱ्या बाजूच्या ते ध्यानात येईपर्यंत पन्नासेक दिवस उलटले होते.

कार्यकर्त्यांच्या शिबिरात प्रकरण मांडताना मी नावं झाकतो. इथे झाकून काही साधणार नाही, कारण तारखा सांगितल्या की माणूस ओळखू येतोच. पोट्टी श्रीरामुलू, तेलुगू भाषकांच्या वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषणाला बसलेले. मुक्काम मद्रास, १९ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर १९५२.

पार्श्वभूमी

मद्रास राज्यात तेव्हा तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा चारही भाषांचा मुलूख होता. तेलुगू भागाची स्वतंत्र प्रांताची मागणी जुनी. १९१३ साली बापटला इथे आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हापासूनची. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसनं आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधायचं ठरवलं, त्यामुळे स्वराज्य आलं की प्रांतही तसेच होणार, असं लोक धरून चालले. स्वराज्य आलं ते फाळणी घेऊन. दिल्लीतल्या नेत्यांना मग भाषेच्या नावानं आणखी एक रेघ ओढायची धास्ती वाटू लागली. १९४८ साली धर आयोगानं भाषावार प्रांतांना नकार दिला. त्यानंतर जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीनं १९४९ मध्ये सांगितलं की सध्या थांबा, आंध्राचं मात्र वेगळं काढता येईल, पण मद्रास शहरावरचा हक्क सोडला तर.

या 'पण'वरच सगळं अडलं.

१९५१ मध्ये स्वामी सीताराम यांनी याच मागणीसाठी १५ ऑगस्टला उपोषण सुरू केलं. पाच आठवडे झाले, विनोबांनी विनवणी केली आणि त्यांनी ते सोडलं. हाती काही आलं नाही. मग पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेलुगू भागातून मद्रास विधानसभेवर काँग्रेसच्या जेमतेम ४३ जागा आल्या, तर एकट्या कम्युनिस्टांच्या ४१. लोकांनी मतपेटीतून सांगायचं ते सांगून टाकलं होतं. पण मद्रासचे मुख्यमंत्री झाले राजाजी, आणि त्यांचा या मागणीला विरोध होता.

माणूस

श्रीरामुलूंचा जन्म मद्रासचाच, १९०१ चा. शिकायला ते मुंबईत आले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयला, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, त्यांनी सॅनिटरी इंजिनिअरिंग केलं आणि जीआयपी रेल्वेत नोकरी धरली. नोकरी पक्की होती, पगार बरा होता. १९२० च्या दशकाअखेर बायको आणि तान्हं मूल गेलं. मग त्यांनी राजीनामा दिला आणि साबरमती गाठली. पुढे मिठाचा सत्याग्रह, तुरुंग, खादी.

मला त्यांचं एकच चित्र डोळ्यांसमोर आणता येतं, ते नेल्लोरचं. भर उन्हात, अनवाणी, डोक्यावर छत्री नाही, अंगावर अस्पृश्यता सोडा असं लिहिलेल्या पाट्या, आणि हा माणूस रस्त्यानं चाललेला. येणारेजाणारे त्याला वेडा म्हणत. नेल्लोरचं वेणुगोपालस्वामींचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४६ मध्ये त्यांनी उपोषण केलं आणि देऊळ खुलं झालं. खुद्द गांधी त्यांना कामाचा पण थोडा तऱ्हेवाईक माणूस समजत.

उपोषणाचा अनुभव असलेला, घरचा पाश नसलेला, आणि आधी उपोषणानं जिंकलेला असा माणूस उपोषणाला बसला की समोरच्यानं सावध व्हायला हवं. इथे उलटं झालं. 'तऱ्हेवाईक' या एका शब्दात त्यांना बसवलं गेलं.

पेच कुठे होता

आंध्र राज्य हवं की नको, हा वाद १९५२ पर्यंत जवळजवळ संपला होता. तत्त्वतः होकार होता. भांडण शहराचं होतं.

तेलुगू बाजूची घोषणा होती, मद्रास आमचंच. तिथे तेलुगू व्यापारी होते, छापखाने होते, आंध्राची बहुतेक पुढारी मंडळी तिथेच राहत होती. पण शहरात बहुसंख्या तमिळांची. तमिळ बाजूनं म. पो. शिवज्ञानम यांची घोषणा होती की शिर देऊ पण राजधानी राखू. दोन्हीकडे प्राण पणाला लावायची भाषा, दोन्हीकडे एकच शहर. नेहरूंचं म्हणणं होतं की सगळ्यांची संमती झाली तर आंध्र देऊ. ऐकायला हे समंजस वाटतं. पण ज्या मुद्द्यावर संमती होणं शक्यच नाही त्या मुद्द्यावर संमतीची अट घातली, तर त्याचा अर्थ नकारच होतो.

आपल्याकडे हीच गाठ 'सह' या शब्दात होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. मराठी वाचकाला या प्रकरणाचं मर्म समजावून सांगायची गरज नसावी.

समोरचे पर्याय

श्रीरामुलूंपुढे तीन वाटा होत्या. विधानसभेतल्या आमदारांमार्फत दबाव आणायचा, ही पहिली. आंध्र काँग्रेसची मंडळी त्याच सरकारच्या पक्षात असल्यानं ती अर्धी बंद होती. गावोगाव सत्याग्रह उभा करायचा, ही दुसरी. त्याला संघटना लागते, आणि त्यांच्यामागे पक्ष नव्हता. तिसरी वाट स्वतःच्या देहाची. एकट्या माणसाला परवानगी न मागता, वर्गणी न काढता करता येण्यासारखं तेवढंच उरतं.

मुदतीचं उपोषण का नाही, असं शिबिरात हमखास कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर स्वामी सीतारामांच्या उपोषणात आहे. वर्षभरापूर्वी एक उपोषण विनंतीला मान देऊन सुटलं होतं आणि पदरात काही पडलं नव्हतं. एकदा असं झालं की पुढच्या माणसाला विनंतीवर उठता येत नाही. सरकारला वाटतं की मागच्यानं सोडलं तसं हाही सोडेल. उपोषण करणाऱ्याला वाटतं की मागच्यानं सोडलं म्हणून तर ही वेळ आली. एकाच घटनेतून दोघं उलटे धडे घेतात.

सरकारपुढचे पर्याय : दुर्लक्ष करायचं, अटक करून नळीनं अन्न द्यायचं, मध्यस्थ पाठवायचा, किंवा मद्रासचा प्रश्न बाजूला ठेवून बाकीच्या आंध्राची घोषणा करायची. शेवटचा पर्याय १९४९ पासून कागदावर तयार होता.

तत्त्वाची बाजूही होती, ती हलकी नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की सनदशीर मार्ग हाती आल्यावर सत्याग्रहासारख्या गोष्टी सोडून द्यायला हव्यात, कारण ते अराजकाचं व्याकरण आहे. उपोषणापुढे एकदा वाकलं की उद्या दुसरा बसेल, परवा तिसरा, ही भीती काल्पनिक नव्हती.

काय घडलं

१९ ऑक्टोबरला श्रीरामुलू मैलापूरमध्ये रॉयपेट्टा हाय रोडवरच्या बुलुसु सांबमूर्तींच्या घरी बसले. सांबमूर्ती हे मद्रास विधानसभेचे माजी सभापती. म्हणजे घर भलत्याच कुणाचं नव्हतं. पण आंध्र काँग्रेसनं हात झटकले. पहिले कित्येक आठवडे दिल्लीत कुणाची झोप उडाली नाही.

इथे शरीराचं थोडं सांगायला हवं, कारण निर्णयाचं वेळापत्रक तिथेच ठरतं. अन्न बंद झालं की यकृतातला साखरेचा साठा एक-दोन दिवसांत संपतो. मग चरबी, मग स्नायू. निरोगी माणूस पाण्यावर तीन आठवडे उठतो, बोलतो, पत्रं लिहितो. पाहणाऱ्याला वाटतं, ठीक चाललंय की. चाळीस दिवसांनंतर डोळ्यांनी, कानांनी नीट चालेनासं होतं, डोकं काम देईनासं होतं. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांचा १९२९ मध्ये ६३ व्या दिवशी अंत झाला. १९८१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये उपोषणात जे दहा कैदी गेले ते ४६ ते ७३ दिवसांच्या दरम्यान. म्हणजे बोलणी करायला माणूस शुद्धीवर असतो तोवर कुणाला घाई नसते, आणि घाई होते तेव्हा समोर बोलणी करायला माणूस उरलेला नसतो.

डिसेंबर उजाडला आणि तारांचा पाऊस पडू लागला. ३ डिसेंबरला नेहरूंनी राजाजींना लिहिलं की असं काही उपोषण चाललंय खरं, मला तारा येताहेत, पण माझ्यावर परिणाम नाही आणि मी तिकडे लक्ष देणार नाही. तेव्हा सेहेचाळिसावा दिवस चालू होता.

१२ डिसेंबरला नेहरूंनीच राजाजींना पुन्हा लिहिलं, आणि सूर बदलला होता. आंध्राची मागणी मान्य करायची वेळ आली आहे, नाहीतर आंध्र लोकांत निराशा पसरेल, अशा अर्थाचं. नऊ दिवसांत मत फिरलं. पण ते पत्रातच राहिलं. मैलापूरच्या घरी कुणी जाऊन सांगितलं नाही, आकाशवाणीवर आलं नाही. १५ डिसेंबरच्या रात्री, ५८ व्या दिवशी, श्रीरामुलू गेले.

मला या प्रकरणात सगळ्यात अवघड वाटतात ते हे तीन दिवस. चौकटीतल्या माणसांकडे पाहा. उपोषणाला बसलेला साबरमतीचा आश्रमवासी. मुख्यमंत्री राजाजी, गांधींचे व्याही, १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांतले एक, म्हणजे येरवड्याचं उपोषण किती जवळून पाहिलेले. पंतप्रधान नेहरू. उपोषण म्हणजे काय, हे या तिघांना जेवढं कळत होतं तेवढं त्या वेळी देशात क्वचितच कुणाला कळत असेल. आणि उपोषण फक्त आपल्यावर प्रेम असणाऱ्याविरुद्ध करावं, हा गांधींचा नियमही तिघांना पाठ. श्रीरामुलूंनी तो पाळला, असंही म्हणता येईल. प्रेम आटलं आहे हे त्यांना कळलं नाही, किंवा कळूनही फरक पडला नाही.

निकाल

बातमी पसरली आणि तेलुगू जिल्हे पेटले. रेल्वेगाड्या अडवल्या, सरकारी कचेऱ्यांवर हल्ले झाले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. श्रीरामुलूंनी स्वतःच्या देहाबाहेर कुणाला इजा होऊ दिली नव्हती. त्यांच्या मागे चार दिवसांत जे झालं ते त्यांच्या रीतीत बसणारं नव्हतं, पण निकाल लागला तो या चार दिवसांत. १९ डिसेंबरला नेहरूंनी लोकसभेत आंध्र राज्याची घोषणा केली.

मद्रास शहर वगळून.

म्हणजे १९४९ च्या कागदावर जे होतं तेच. राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश वांच्छू यांनी वाटणीचा तपशील पाहिला, १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं, राजधानी कर्नूल, पहिले मुख्यमंत्री टी. प्रकाशम. श्रीरामुलू 'अमरजीवी' झाले.

एकाला दिलं म्हणून बाकीचे उभे राहिले आणि डिसेंबर १९५३ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी फाजल अली आयोग नेमावा लागला. पुढचं आपल्याला माहीत आहे : द्वैभाषिक, फ्लोरा फाउंटन, १०६ हुतात्मे, १ मे १९६०. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद मिटवायला नेमले गेले ते हरि विनायक पाटसकर, आपल्याकडचेच. त्यांच्या निवाड्यानं तिरुत्तणी मद्रासकडे गेलं.

आता उलटं उदाहरण. १९५६ मध्ये शंकरलिंगनार नावाच्या म्हाताऱ्या गांधीवाद्यानं विरुदुनगरला उपोषण केलं. मद्रास राज्याचं नाव तमिळनाडू करा, ही एक मागणी, शिवाय आणखी बऱ्याच. ७६ दिवस. श्रीरामुलूंपेक्षा अठरा जास्त. ते गेले, आणि सरकार हललं नाही. नाव बदललं ते १९६९ मध्ये, द्रमुकची सत्ता आल्यावर. तोच मार्ग, तसाच माणूस, त्याहून लांब उपोषण. फरक एवढाच की नाव बदलावं म्हणून तेव्हा रेल्वे अडवायला कुणी उतरलं नाही आणि सत्ताधाऱ्यांच्या जागा त्यावरून गेल्या नव्हत्या. उपोषणाची ताकद दिवसांत मोजायची आपली सवय इथे उघडी पडते. श्रीरामुलूंच्या मृत्यूला वजन आलं ते आधीच्या चाळीस वर्षांच्या मागणीनं आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीनं. ते नसतं तर मैलापूरच्या घरात एक तऱ्हेवाईक माणूस वारला, एवढीच बातमी झाली असती.

वेगळं काय करता आलं असतं

सरकारच्या बाजूनं पाहिलं तर १९ डिसेंबरला जे जाहीर केलं ते १२ ला करता आलं असतं. शब्दही बदलावा लागला नसता. 'उपोषणापुढे वाकलो असं दिसेल' हा आक्षेप होता. मग दंगलीपुढे वाकलो असं दिसलं, ते त्याहून वाईट. तत्त्व राखायचं होतं तर ऑक्टोबरातच घोषणा करायला हवी होती, निवडणुकीच्या निकालाचा आधार होताच. आणि नाहीच द्यायचं तर शेवटपर्यंत नको होतं. यातलं काहीच झालं नाही.

सांबमूर्ती आणि भोवतालच्या मंडळींबद्दल कमी बोललं जातं. मद्रासचा हट्ट सोडायचा की नाही, हे ठरवायचा अधिकार कुणाकडे होता? श्रीरामुलू शुद्धीवर असताना ते विचारायला हवं होतं : मद्रास मिळालं नाही, पण आंध्र मिळालं, तर उपोषण सुटेल का? या मंडळींनी हे उत्तर तिसऱ्या आठवड्यात लिहून घेऊन दिल्लीला पाठवलं असतं, तर नेहरूंच्या १२ तारखेच्या पत्राला जायला ठिकाण मिळालं असतं. मी शिबिरात यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. उपोषणाला कुणी बसायच्या आधी तीन गोष्टी कागदावर हव्यात. कमीत कमी काय मिळालं तर उठायचं, समोरच्याशी कोण बोलणार, आणि शुद्ध गेल्यावर निर्णय कुणाचा. हे लिहायला सांगितलं की निम्मे उत्साही गप्प होतात. व्हायलाच हवेत.

श्रीरामुलूंनी काय वेगळं करायला हवं होतं, यावर बोलायला मी कचरतो. एका शिबिरात एक तरुण म्हणाला होता, "सर, मग त्यांचं फुकट गेलं म्हणायचं का?" मी नाही म्हणालो. राज्य झालं ते त्यांच्या जाण्यानं लवकर झालं, यात मला शंका नाही. पण ज्या शहरावर अडलं होतं ते मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं, कारण तिथे बहुसंख्या दुसऱ्यांची होती. मुंबईचं तसं नव्हतं. तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला मराठी मुलूख. शिवाय संयुक्त महाराष्ट्र समितीनं लढाई एका देहावर लावली नाही, १९५७ च्या निवडणुकीत लावली. तिथेही माणसं मेलीच, १०६ मेली. पण आपण मरायचं असं ठरवून ती घरून निघाली नव्हती.

उपोषणाचं हे हत्यार पुढेही बाहेर निघालं, तेही याच आंध्रात. २९ नोव्हेंबर २००९ ला के. चंद्रशेखर राव तेलंगणासाठी बसले आणि अकराव्या दिवशी, ९ डिसेंबरच्या रात्री, केंद्रानं तेलंगणाची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. कुणीतरी १९५२ ची फाइल वाचली असावी. राज्य व्हायला मात्र २ जून २०१४ उजाडलं, आणि मधल्या काळात तेलंगणासाठी म्हणून किती तरुण पोरांनी जीव दिले. त्यांच्या मांडवाला ना समिती होती ना मध्यस्थ. ते एकेकटे गेले. त्यांचं प्रकरण मी अजून शिबिरात मांडलेलं नाही.

उरलेल्या आंध्राच्या हातून तेव्हा हैदराबाद गेलं. राजधानीचा शोध पुन्हा पहिल्यापासून.

सांबमूर्तींचं मैलापूरचं ते घर आता श्रीरामुलूंचं स्मारक आहे. ते आंध्र प्रदेश सरकार सांभाळतं. पत्ता अर्थातच चेन्नई, तमिळनाडू.